इंजिन वाजायलंय? खोलायच्या आधी या चुका टाळा

माझी मारुती ८०० आहे १९९८ ची. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. इंजिन बांधून दीड महिना झाला होता. सिलिंडर बोअर करून (घासून थोडे मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन घातले होते, रिंगा नव्या होत्या, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) घासून पाव मिलीमीटर अंडरसाइज बेअरिंगं टाकली होती. बीडहून अंबाजोगाईला निघालो आणि मांजरसुंब्याला चहाला थांबलो. पुन्हा चावी फिरवली तर खालून खट्-खट्-खट् सुरू. टपरीवाला म्हणाला, "सायेब, इंजिन वाजायलंय तुमचं." तेवढं मलाही कळत होतं. कुठं वाजायलंय ते कळत नव्हतं.

ज्यानं इंजिन बांधलं त्याला फोन लावला. आवाज फोनवरच ऐकून त्यानं निकाल दिला: कनेक्टिंगचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचं) बेअरिंग गेलं, चेंबर म्हणजे खालचं ऑइलचं भांडं उतरवावं लागंल. मी हो म्हणालो. माझी पहिली चूक हीच. चेंबर उतरलं, बेअरिंगं पुन्हा नवी पडली, ऑइल नवं पडलं आणि खट्-खट् जशीच्या तशी राहिली.

शेवटी अंबाजोगाईत एका म्हाताऱ्या फिटरकडं गाडी नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. सीटवर बसले, इंजिन चालू केलं आणि क्लच दाबला. आवाज बदलला. क्लच सोडला, आवाज परत आला. मग चावी बंद केली आणि इंजिन अगदी थांबायच्या बेतात असताना चटकन पुन्हा चालू केली. ठक्! एकच, पण पायाला जाणवेल असा ठोका. "फ्लायव्हील ढिला आहे," म्हणाले. फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेलं जड चाक. गिअरबॉक्स उतरवला तर फ्लायव्हीलचे बोल्ट पान्याला जोर न लावताच फिरत होते. इंजिन बांधताना ते टॉर्क पान्यानं मोजून नाही, अंदाजानं आवळले होते. ढिलं फ्लायव्हील हुबेहूब बेअरिंगसारखं वाजतं, म्हणून भलेभले फसतात.

तेव्हापासून मी एक पाळतो. आवाज कुठला ते ठरल्याशिवाय कुणाला बोल्ट सोडू देत नाही.

फक्त "आवाज येतोय" एवढंच सांगणं

मिस्त्रीला आवाजाची नक्कल करून दाखवण्यापेक्षा तो कधी येतो ते सांगा. थंड इंजिनावर की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढाला? रेस देताना की सोडताना? क्लच दाबल्यावर वाढतो की जातो? अर्धं निदान इथंच होतं.

थंड इंजिनाची परीक्षा पहाटेच घ्या. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी थंड धरता येत नाही. रात्री लावलेली गाडी पाच-साडेपाचला पहिल्यांदा चालू करा आणि बोनेट उघडं ठेवून दोन मिनिटं ऐका. सुरुवातीला पोकळ टकटक आणि इंजिन तापलं की गायब, असं असेल तर पिस्टन आणि बोअरमधली फट जास्त आहे. बोअरिंगवाल्याकडं मापाची चौकशी करा, पण लगेच घाबरायचं कारण नाही.

थंड असताना टिक-टिक आणि तापल्यावर बंद होणारं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या जोडाचं) गॅस्केट. धातू गरम होऊन फुगतो, फट बुजते, आवाज थांबतो. जोडाजवळ काजळीचे काळे ओघळ दिसले की हाच तो. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरलेल्या इंजिनात हे गॅस्केट हमखास जुनंच परत बसवलेलं असतं.

प्रत्येक टिक-टिकीला टॅपेट म्हणणं

कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टॅपेट त्याच्यावर चालतात. तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. उभ्या गाडीत इंजिन ९०० आरपीएमवर असेल तर क्रँकशी निगडित ठोका सेकंदाला १५ वेळा पडतो आणि एका टॅपेटचा साडेसात वेळा. कानाला सवय झाली की हा फरक ओळखू येतो. एक लगबगीनं वाजतो, दुसरा निवांत.

कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये पेट्रोल पंपही कॅमवरच चालतो, त्यामुळं त्याची टिक-टिक टॅपेटच्याच तालात येते. लांब पेचकस घ्या, टोक संशयित भागावर टेकवा, मूठ कानाशी धरा. पंपावर आवाज मोठा येतो की टॅपेट कव्हरवर, ते लगेच कळतं. हे करताना गळ्यात उपरणं नको आणि बाही मोकळी नको. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो, इंजिन तापलं की न सांगता फिरायला लागतो.

टॅपेट खरंच ढिला असेल तर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करा, पण थंड आणि गरम इंजिनाची मापं वेगळी असतात हे ध्यानात ठेवा. आवाज मुळीच नको म्हणून आवळून घेणारे पुष्कळ आहेत. जरासा वाजणारा टॅपेट परवडतो. आवळलेला परवडत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

पट्टा न काढता इंजिनावर संशय घेणं

गुरगुर, घर्रर्र किंवा चिरचिर आवाज असेल तर फॅनबेल्ट (डायनॅमो आणि वॉटर पंप फिरवणारा पट्टा) काढा आणि अर्धा मिनिट इंजिन चालवून बघा. जास्त नको, वॉटर पंप बंद असतो. आवाज गेला तर दोष डायनॅमोच्या नाहीतर वॉटर पंपाच्या बेअरिंगचा. दहा मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

त्याच्याही आधी वाकून खाली बघा. इंजिन उतरवून चढवलं की सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकलेला किंवा माउंटिंगचा बोल्ट ढिला राहिलेला सापडतो. आमच्या एका पाहुण्यांच्या गाडीत तर पऱ्हाटीची काडी पंख्याला लागून टकटकत होती!

प्लगच्या वायरीची परीक्षा चुकीची घेणं

एकेका सिलिंडरची प्लग वायर काढून ऐकायची. एखादी काढल्यावर खोल ठोका दबला तर त्या सिलिंडरचं कनेक्टिंग बेअरिंग संशयित. काहीच फरक पडला नाही तर टॅपेटकडं वळा. ठोका दुहेरी वाजायला लागला तर गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी) बघा. पण काढलेली वायर मोकळी लोंबू देऊ नका, जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीत हा खेळ करूच नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो खराब होतो.

चढावरच्या किणकिणीला बेअरिंग समजणं

घाटात वरच्या गिअरला रेस दिली की बांगड्या वाजल्यासारखी किणकिण येते, सपाटीला बंद होते. हे बहुतेक वेळा टायमिंगचं, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेचं दुखणं. इंजिन बांधताना हेड प्लेन केलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि जुनं टायमिंग पुढं (लवकर) पडतं. गॅस किट असेल तर मिस्त्री गॅससाठी टायमिंग आणखी पुढं घेतो, मग पेट्रोलवर गाडी किणकिणते. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) किंचित मागं घेऊन बघा.

जाड ऑइल टाकून आवाज दाबणं

याचा मला खरा राग आहे. जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध टाकलं की आवाज आठ दिवस दबतो, गाडी विकणाऱ्याला तेवढे पुरतात. तुम्ही गेजनं ऑइल प्रेशर मोजून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रेशर पार तळाला गेल्यावरच लागतो. तो विझलेला आहे म्हणजे प्रेशर ठीक, असं नाही.

गरम इंजिनावर प्रेशर कमी, ठोका खोल, रेस सोडताना स्पष्ट आणि वायर काढल्यावर दबणारा, हे सगळं जुळलं तर मात्र "हळूहळू नेतो लातूरपर्यंत" म्हणू नका. तिथंच बंद करा आणि टोचन लावून आणा. बेअरिंगचं काम आहे तोवर थोडक्यात भागतं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर बांधलेल्या इंजिनाचं भंगार होतं.