कॅमेऱ्याचा कोन कारागीर बसल्यावरच ठरवा
कोल्हापुरात सुभाषनगरमध्ये चप्पल कारागिरांच्या कामाचा अभ्यास करताना त्यांच्या छातीवर बांधलेल्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा नुसत्या मांड्याच येतात, कारण कॅमेऱ्याचा पट्टा बांधताना कारागीर उभे असतात आणि काम मात्र वाकून बसून करतात. म्हणून त्यांना आधी नेहमीच्या जागी बसू द्यावे, रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) चामड्यावर दोन काप घेऊ द्यावेत आणि रापीचे टोक व डावा अंगठा दोन्ही चौकटीत येईपर्यंत कॅमेरा वर उचलून मगच स्क्रू घट्ट करावा. सुरुवातीला मोबाइलवरचे सेकंद दाखवणारे घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरले, की टिपणे आणि चित्रण जुळवणे सोपे जाते.

गिऱ्हाईक किंवा घरची मंडळी आल्यावर कॅमेरा बंद करण्याचा हक्क कारागिरांचाच असावा. त्यासाठी बटण त्यांच्याकडून आधी दोनदा दाबून घ्यावे, आणि हे मला कोनापेक्षाही महत्त्वाचे वाटते.