पेज येतं पण फोटो अडकतात? घरच्या नेटवर हे तपासा

घोडबंदर रोडचा टॉवर असो की वाशीची जुनी सोसायटी, तक्रार तीच, अक्षरं झटकन येतात आणि फोटो अर्धा येऊन लटकतो. आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पेज उघडा, तिथेही रखडलं तर बहुतेक साइटच स्लो आहे, राउटरच्या मागे लागू नका.

डेटावर नीट आलं तर राउटरच्या जवळ बसून 5 गिगाहर्ट्झवालं नेटवर्क पकडा, कारण बिल्डिंगमध्ये 2.4 वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते, फक्त भिंतीपलीकडे 5 ची रेंज लवकर पडते.

तरीही तसंच? मग लॅपटॉपला थेट लॅन केबल लावा. केबलवरही फोटो अडकले तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्यात (पॅकेटमध्ये) जास्तीत जास्त किती बाइट जातात तो राउटरमधला आकडा, बघाच, हे खरंच कोणी बघत नाही. कनेक्शन युजरनेम-पासवर्डवर चालणारं पीपीपीओई असेल तर 1500 बाइटमधले 8 त्याच्या हेडरलाच (पॅकेटला पुढे जोडलेल्या माहितीला) जातात, उरतात 1492. राउटरमध्ये 1500 च राहिलं तर छोटी पॅकेट सुटतात, मोठी वाटेत गळू शकतात, म्हणून अक्षरं येतात पण फोटो नाही. जुना आकडा लिहून ठेवा, राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) सेटिंगमध्ये 1492 टाका, सेव्ह करून राउटर रीस्टार्ट करा.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 करून बघायला हरकत नाही, पण त्याने फार तर फोटो यायला सुरुवात लवकर होऊ शकते, डाउनलोड स्पीड वाढणार नाही.

केबलवाल्याला फोन केलात तर "लॅनवर पण होतंय" हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे वायफायवर वेळ जाणार नाही.