झॅबिक्समध्ये होस्टची खूण लाल झाली तर

झॅबिक्समध्ये, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत, एखाद्या होस्टसमोरची (नजरेखालच्या यंत्रासमोरची) खूण लाल झाली, की एजंट, म्हणजे त्या यंत्रावरून माहिती पुरवणारा प्रोग्राम, पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये. प्रथम झॅबिक्स सर्व्हरवरूनच ‘झॅबिक्स-गेट’ या कमांडने त्या यंत्राच्या १००५० या पोर्टवर ‘एजंट डॉट पिंग’, म्हणजे एजंट उत्तर देतो का, हे विचारावे. उत्तर १ आले, म्हणजे एजंट ठीक असला, तर झॅबिक्समधील होस्टच्या नोंदीतला आयपी पत्ता तपासावा. काहीच न येता वेळ संपली, तर बहुधा फायरवॉल आडवी येत असते. जोडणी होऊन लगेच तुटत असेल, तर एजंटच्या कॉन्फिग फाइलमधील ‘सर्व्हर’ या ओळीत झॅबिक्स सर्व्हरचा पत्ता चुकलेला असण्याची शक्यता मोठी. बहुतेक ठिकाणी तिथे १२७.०.०.१ हा मूळचाच पत्ता राहून गेलेला आढळतो. तो बदलल्यावर एजंट रीस्टार्ट करावा, हे सांगायला नको, पण विसरले मात्र हमखास जाते. सक्रिय तपासण्यांसाठी, म्हणजे एजंट स्वतःहून सर्व्हरकडे माहिती पाठवतो तेव्हा, ‘होस्टनेम’ एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि झॅबिक्समधील होस्टच्या नोंदीत अक्षरशः सारखे हवे. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही.