मनसरच्या टेकडीवर धम्मसहल कशी काढावी

धम्मसहल, म्हणजे बुद्धवंदनेसाठी काढलेली सामूहिक सहल, ठरली की आधी गाडी ठरते, मग जेवणाचा बेत ठरतो आणि वंदना घाईघाईत उरकली जाते. हा क्रम उलटा करा. वंदना कुठे, किती वाजता आणि कोणत्या साहित्याने करायची हे सगळ्यात आधी पक्कं करा. बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवता येतो.

नागपूरकरांसाठी मनसर मला सगळ्यात योग्य वाटतं. जबलपूर महामार्गावर साधारण ४५ किलोमीटर. रामटेकला जाणारी गाडी मनसरवरूनच वळते, त्यामुळे वीसेक जणांचा गट एसटीनेही आरामात जाऊ शकतो. टेकड्या फार उंच नाहीत, आजी-आजोबा आणि लहान मुलंही चढतात. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे. त्यानंतर विदर्भातलं ऊन चढू लागतं आणि १५ फेब्रुवारीपासून वनविभागाचा वणव्याचा हंगाम सुरू होतो. पौर्णिमा साधली तर उत्तमच, पण ती कामाच्या दिवशी येत असेल तर जवळचा रविवार धरा. लोक येणं महत्त्वाचं.

आठवडाभर आधी गटातल्या दोघा-तिघांनी जागा पाहून यावी. ही पायरी गाळू नका. सावली किती वाजेपर्यंत टिकते, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, उत्खननाचा कोणता भाग बंद आहे, हे तिथल्या चौकीदाराला विचारा आणि तुम्ही वंदना घेणार आहात हेही सांगून ठेवा. मॅंगनीजच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटा सोडून द्या. आणि मान वर करून झाडं पाहा. आग्यामोहोळ दिसलं तर त्या झाडाच्या आसपास अगरबत्ती लावायचीच नाही. धुराने माश्या उठल्या की माणसाला पळायलाही अवधी मिळत नाही.

जागेची माहिती सांगणारा एक जण आधीच नेमा आणि त्याला खरं तेच सांगायला सांगा. मनसर म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असं अनेक अभ्यासक मानतात. हा काळ पाचव्या शतकाचा. बौद्ध आचार्य नागार्जुनांचं वास्तव्य या भागात होतं ही परंपरा आपल्याकडे जिवंत आहे आणि नागपूरचे बौद्ध भिक्खू भदंत सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात इथे उत्खनन सुरू झालं. त्याच मनसरला सापडलेली शिवाची सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोणते अवशेष कोणाचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, तेही मुलांना सांगा. तपासून पाहा मग स्वीकारा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

साहित्य थोडकंच हवं. बुद्धांची लहान मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढरं धुतलेलं कापड, घडीचं स्टूल, सुटी फुलं, दोन-चार मेणबत्त्या, अगरबत्ती, आणि वाळू भरलेला पत्र्याचा डबा. मूर्ती वेगळ्या पिशवीत कापडात गुंडाळून न्या, जेवणाच्या डब्यांबरोबर नको. फुलं आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या फुलबाजारातून घ्या, पण हार नकोत. दोरा आणि जरी तिथेच राहते आणि गुरांच्या पोटात जाते. मेणबत्ती आणि अगरबत्ती वाळूच्या डब्यातच लावायची, वाळलेल्या गवतावर किंवा दगडाच्या कपारीत कधीच नाही. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. जंगलाची हद्द लागत असेल तर फक्त फुलं वाहा, पूजा तेवढीच पूर्ण होते.

भन्तेजींना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, निमंत्रण द्यायचं असेल तर पंधरा दिवस आधी द्या, येण्या-जाण्याची सोय तुमची. त्यांचं भोजन दुपारी बाराच्या आत झालं पाहिजे, म्हणून सगळं वेळापत्रक त्यावर बेता.

पहाटे सहाला नागपूर सोडलं तर उन्हाआधी चढाई होते. पायथ्याशी सगळ्यांची मोजणी करा. सगळ्यात हळू चालणारा पुढे, सराईत माणूस शेवटी. मग पहिला टप्पा मौनाचा ठेवा. मोबाइल पिशवीत, बोलणं बंद, लक्ष पावलावर आणि श्वासावर. चंक्रमण म्हणजे हेच. सुरुवातीला मुलं हसतात, पण थोड्या वेळाने पायाखालच्या पाल्याचा आवाज त्यांनाही ऐकू यायला लागतो. मला सहलीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

वंदनेसाठी उत्खननातल्या विटांवर बसू नका, त्यांच्यावर काही ठेवू नका. बाजूच्या मोकळ्या सावलीत स्टुलावर पांढरं कापड अंथरून मूर्ती आणि तसबीर मांडा. ज्येष्ठ उपासक-उपासिकेच्या हातून मेणबत्ती लागू द्या. त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं), पंचशील, मग बुद्धपूजा. फुलं वाहताना ‘वण्णगन्ध गुणोपेतं’ म्हणतो तेव्हा पुढची ओळ समजावून द्या: हे फूल जसं कोमेजतं, तसाच हा देहही नाशाकडे जातो. माळावर वाऱ्याने पाकळ्या उडत असताना ती ओळ विहारातल्यापेक्षा खोल उतरते. त्यानंतर त्रिरत्न वंदना, भीमस्मरण, दहा मिनिटं मैत्रीभावना (सगळ्यांचं भलं व्हावं असं ध्यान), सरणत्तयं ही शरणगाथा आणि शेवटी ‘साधु, साधु, साधु’ असा साधुकार. भोंगा नेऊ नका. उघड्यावर वीस जणांचा एकसुरी आवाज पुरेसा पोहोचतो.

भोजन साधं ठेवा: भाकरी, झुणका, ठेचा, संत्री. आधी भन्तेजींना दोन्ही हातांनी वाढा, मग मुलांना, मग बाकीच्यांना. माकडांना काही देऊ नका, केळी पिशवीबाहेर दिसू देऊ नका.

निघण्यापूर्वी फुलं, मेणाचे थेंब, संत्र्याची सालं, सगळं गोळा करा. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचा तरी एक कचरा उचलावा, हेही दानच. अंधार पडण्याआधी महामार्गावर पोहोचा, कारण हा पट्टा जंगलाला लागून आहे आणि संध्याकाळनंतर वाट जनावरांची असते. गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा माणसं मोजा, आणि जमाखर्च त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. उरलेले पैसे विहाराच्या दानपेटीत टाका.