सामान क्लोकरूममध्ये, फोर्ट पायी

सकाळच्या गाडीने मुंबईत उतरलं की खांद्यावरच्या बॅगाच अर्धा दिवस खातात. त्या सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं आणि गाडीचं तिकीट हाताशी. मग टॅक्सी न करता चालत निघा. रविवार असेल तर उत्तमच, ऑफिसं बंद असल्याने फोर्टात फूटपाथ मोकळे मिळतात.

१. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने स्थानकाची इमारत पाहा. आतून ती कळतच नाही.
२. हुतात्मा चौकातून ओव्हल मैदान. इथे घाई नको. पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर. पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमाराच्या वास्तुशैलीतल्या इमारतींची रांग. २०१८ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसा.
३. काळा घोडा, मग गेटवे.

घारापुरीची लाँच गेटवेवरूनच सुटते, पण सोमवारी लेणी बंद.