चाली बांधायच्या आणि शिकवायचंही

संगीतात एम.ए. करणारी मुलं विचारतात, "सर, रचना करायची आहे, पण पोटापाण्याचं काय?" मी बडोद्यात दोन्ही करतो, म्हणून ठामपणे सांगतो: प्राध्यापकी करा. बंदिश, म्हणजे रागात बांधलेली गाण्याची रचना, बांधणाऱ्याला वर्गासारखी जागा दुसरी नाही.

पात्रतेचं आधी उरकतो. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, शिवाय नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. नेटमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत कलाकारांसाठी वेगळी वाटही आहे: पदवी, नामवंत गुरूंची तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी आणि विषय सप्रयोग उलगडून सांगण्याची क्षमता. ही श्रेणी एका दमात मिळत नाही, म्हणून ऑडिशन विशीतच द्यायला लागा.

आता खरं काम. भातखंडे स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याची पद्धत, हातात मुरवा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, कालाला (टाळी नसलेल्या 'खाली'च्या मात्रेला) शून्य. पलुस्कर पद्धतीच्या खुणा वेगळ्या, त्याही वाचता आल्या पाहिजेत. मध्यलय त्रितालात (मध्यम गतीच्या सोळा मात्रांच्या तालात) नवं काही बांधलं की मी ते आधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना देतो. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून उचलला आणि समेवर जोडाक्षर आलं, की अख्खा वर्ग तिथेच अडखळतो. तिथे आकारान्त अक्षर ठेवलं की तीच मुलं समेवर मोकळी उतरतात. मग मी शब्द बदलतो, स्वरांना हात लावत नाही. घरी एकट्याने गाताना हे कधीच कळत नाही, कारण आपला गळा आपल्याच चालीला सांभाळून घेतो.

रचना आणि शिकवणं एकत्र करण्याची बडोद्याला जुनी सवय आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी 1886 साली इथे गायनशाळा काढली. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही इथलीच. दरबारगायक फैयाज खाँ 'प्रेमपिया' नावाने बंदिशी बांधत. त्यांच्याकडे शिकलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर लखनौच्या मॅरिस संगीत कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू. आणि एवढ्या व्यापातही 'सुजान' नावाने रचत राहिले. या वाटेवर येणाऱ्याने त्यांच्या बंदिशी गळ्यावर चढवल्याच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाटकाचं, नृत्याचं, गरब्याचं काम येईल. लेखी करार करा. कॉपीराइट कायद्याने रचनेवरचा हक्क हयातभर आणि पुढे 60 वर्षं राहतो. स्वरलेखन केलेलं नसलं तरी रचनाकार तुम्हीच ठरता. पण वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक चालीचं तारखेसह रेकॉर्डिंग ठेवा. नोकरीत असताना बाहेरच्या मानधनासाठी विद्यापीठाची परवानगी काढायची, आणि तो अर्ज काम स्वीकारण्याआधी द्यायचा, नवरात्राच्या तोंडावर नव्हे.