घरी गाडी उचलण्यासाठी जॅक निवडताना

जॅकच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा टनांचा असतो आणि बहुतेक ग्राहक तेवढाच पाहून खरेदी करतात. वास्तविक लहान हॅचबॅकचे रिकामे वजन ८०० ते १,००० किलोच्या आसपास असते आणि एक चाक उचलताना जॅकवर त्याच्या निम्म्याहूनही कमी भार येतो, त्यामुळे अशा गाडीला २ टनांचा जॅक पुरून उरतो. मोठ्या सात आसनी एसयूव्हीसाठी ३ टनांचा घ्यावा. क्षमतेविषयी याहून अधिक विचार करण्याची गरज नाही.

खरी अडचण उंचीची असते. पूर्ण खाली केलेल्या जॅकची किमान उंची गाडीच्या जॅक पॉइंटखालील, म्हणजे जॅक टेकवायच्या ठरावीक ठिकाणाखालील, जागेपेक्षा कमी असली पाहिजे, आणि ही जागा चाकात हवा नसताना किती उरते याचा अंदाज घेऊनच खरेदीला जावे. बॉटल जॅक स्वस्त आणि आटोपशीर असला तरी तो बहुधा १८-२० सेंटिमीटर उंच असतो व उभाच वापरावा लागतो, म्हणून पंक्चर झालेल्या हॅचबॅकखाली तो अनेकदा शिरतच नाही. चाकांवर सरकणाऱ्या साध्या ट्रॉली जॅकची किमान उंची १३-१४ सेंटिमीटर असते. घरच्या कामासाठी माझी पसंती त्यालाच आहे. त्याचा पाया रुंद असतो आणि दांडा गाडीबाहेर राहत असल्याने अंग गाडीखाली घालावे लागत नाही.

मात्र ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तर कमानीसारखा फिरत वर जातो. त्यामुळे गाडी उचलली जात असताना जॅक आपल्या चाकांवर थोडा पुढे सरकावा लागतो. सोसायटीच्या पार्किंगमधील उंचसखल पेव्हर ब्लॉकच्या फटीत ही चाके अडकली, तर जॅकऐवजी गाडी ओढली जाते किंवा जॅक त्या पॉइंटवरून निसटतो. जमीन सपाट आणि सिमेंट काँक्रीटची असेल तरच हा जॅक निर्धोक ठरतो. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक स्क्रूवर चालतो, त्यामुळे तो तेल गळून खाली बसण्याचा प्रश्न येत नाही. पण त्याचा पाया अरुंद असल्याने तो कलंडू शकतो. रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरताच तो वापरावा.

हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर आणि ते अडवणाऱ्या सीलवर असतो. सील फाटले की गाडी खाली येते, मग जॅक २ टनांचा असो वा ३ टनांचा. म्हणून जॅकसाठी ठरवलेल्या पैशांतच जॅक स्टँडची जोडी बसवावी, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवतात ते आधार, ज्यांना गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. दोन्ही जमत नसतील तर थोडा साधा जॅक घ्यावा, पण स्टँड सोडू नयेत. उंची धरून ठेवणाऱ्या खाचेबरोबर आडवी सुरक्षा पिनही असलेले स्टँड निवडावेत. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्यांच्या जागी चालत नाहीत, कारण ते इशारा न देता फुटतात.

हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावावेत, तरीही उचलायच्या बाजूच्या विरुद्ध टोकाकडील चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावेत. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीचे एक पुढचे चाक अधांतरी झाले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) ते मोकळे फिरू शकते आणि गिअरचा अडसर जवळजवळ निरुपयोगी होतो. जॅक पॉइंट मात्र मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावेत. तेथील पत्र्याची कड वाकू नये म्हणून खाच असलेली रबरी गादी जॅकवर ठेवावी.

नवा जॅक घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घ्यावी. गाडीखाली कोणीही न जाता एक चाक जमिनीपासून थोडेसे उचलून अंतर मोजावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. ते कमी झाले असेल किंवा पिस्टनभोवती तेल दिसत असेल, तर जॅक दुकानात परत करावा. अर्थात त्यासाठी पावती जपून ठेवलेली हवी.